अख्खी गोळी

आमच्या घरात कुठलीही वस्तू अख्खी राहत नाही. साबणाची वडी आणली की बायको ती दोऱ्याने मधोमध कापते, कारण अर्धी वडी लवकर वाळते आणि जास्त दिवस पुरते. भांडी पुसायचं फडकं अर्धं, अंग पुसायचा पंचा अर्धा. वर्तमानपत्रही अर्धं माझ्याकडे आणि अर्धं तिच्याकडे, त्यामुळे पहिल्या पानावर सुरू झालेली बातमी आत कुठं जाऊन संपली हे मला लग्नानंतर कधी कळलेलं नाही. या धोरणावर आमचा संसार उत्तम चालला, हे मी कबूल करतो. एकदाच ते अंगाशी आलं. ते माझ्या अंगाशी आलं, म्हणून हे लिहायला बसलो.

विषय जरा नाजूक आहे, तेव्हा सरळच सांगून टाकतो. मला वारंवार लघवीला जावं लागतं. म्हणजे गेलो, आलो, बसलो की पुन्हा उठावंसं वाटतं, आणि ते वाटणंही असं की त्याच्याशी चर्चा करता येत नाही. कचेरीत मी रेकॉर्डरूम सांभाळतो. जुन्या फायलींच्या त्या खोलीपासून स्वच्छतागृहापर्यंत एक लांब बोळ आहे, आणि त्यात मी इतक्या वेळा दिसतो की नवीन लागलेल्या माणसांना मी त्या बोळाचाच कुणीतरी अधिकारी वाटतो. चारचौघं नव्या जागी गेली की तिथले पडदे बघतात, भिंतीवरची चित्रं बघतात. मी कोपऱ्यातल्या दारावरची पाटी शोधतो.

इतकी वर्षं हे निभावून नेलं. निभलं नाही ते मुलीच्या लग्नात. लग्न छान झालं असं सगळे म्हणतात. मी त्यातलं जेवढं पाहिलं तेवढं छानच होतं. पण घरच्यांचा मुख्य फोटो काढायच्या वेळी मी जागेवर नव्हतो. कुठं होतो ते सुज्ञांना सांगायला नको. बाहेर आलो तेव्हा फोटोवाला तिवई मिटत होता.

आता ती मुलगी, जिला मी लहानपणापासून ठकी म्हणतो, बसने पाच तासांवर राहते. तिकडे रेल्वे जात नाही. तिला मुलगी झाली तेव्हा बायको जाऊन राहून आली आणि मी कचेरीत तपासणी असल्याची थाप मारून घरी राहिलो, कारण पाच तास बसमध्ये एका जागी बसणं ही माझ्या दृष्टीने जिवावरची गोष्ट होती. नात रांगायला लागली तरी मी तिला फोनच्या काचेतच बघत होतो. ठकीही येत नव्हती. ‘बाळाला प्रवास झेपत नाही,’ म्हणायची, ‘नंतर बघू,’ म्हणायची.

एके दिवशी फोनवर तिने आईला बाजूला व्हायला सांगितलं आणि मला विचारलं, “बाबा, खरं सांगा. तुमचा अजून राग आहे का?”

“राग? कसला?”

“माझ्या लग्नाचा. फोटोत सगळे आहेत, तुम्ही नाही. बाळ झालं तेव्हा आला नाहीत. यांना वाटतं, ते तुम्हाला पसंत नव्हते.”

आता खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बापाने मुलीला फोनवर कसं सांगायचं? मी म्हणालो, “छे गं, कामात होतो.”

“लग्नात?”

“म्हणजे… तसं नाही.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. बायका ‘ठीक आहे’ म्हणतात तेव्हा काहीही ठीक नसतं, एवढं मला कळतं. माझा जावई लाख माणूस आहे आणि मुलगी तर माझा जीव, आणि ही पोर तिकडे मनात काय काय घेऊन बसली होती. मी भलताच धीर करून म्हणालो, “येत्या रविवारी येतो. सकाळच्या बसने. शब्द देतो.”

फोन ठेवला आणि लगेच बोळात, आपलं, न्हाणीघरात गेलो.

दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, तपासण्या केल्या, डोळ्यांत काचबिंदू वगैरे आहे का ते विचारलं आणि म्हणाल्या, “काळजीचं काही नाही. याला अतिसक्रिय मूत्राशय म्हणतात.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या गोपनीय अहवालात ‘सक्रिय’ हा शब्दसुद्धा कधी आलेला नाही. अखेर एका अवयवाने माझी लाज राखली.

“दुसरं काही औषध चालू आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी छातीठोकपणे म्हणालो. रेकॉर्डरूममधल्या धुळीने मला शिंका येतात आणि त्यासाठी मी रोज सकाळी एक छोटी पिवळी गोळी घेतो. पण ती इतकी वर्षं घेतो आहे की तिला औषध म्हणणं म्हणजे घरच्या माणसाला पाहुणा म्हणण्यासारखं झालं असतं.

बाई पुढे सांगायला लागल्या. गुण यायला काही आठवडे लागतात, घाई करू नका. तोंडाला कोरड पडेल. पाणी तोडू नका. लघवी अडली किंवा धूसर दिसायला लागलं तर ताबडतोब कळवा. मी जोरजोरात मान हलवत होतो. त्यांना मी लक्ष देणारा पेशंट वाटलो असणार. वास्तविक मला जायचं होतं. “आणि ही गोळी घेताना एक लक्षात ठेवा,” असं त्या म्हणत असताना मी आभार मानून दाराबाहेर पोचलो होतो.

औषधाच्या दुकानात दुसरी संधी होती. दुकानदाराने पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, “काका, ही गोळी बरं का…” तेवढ्यात माझ्या मागे आमच्या वरच्या मजल्यावरचे मास्तर येऊन उभे राहिले. मास्तरांनी आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली. निवृत्त झाले तरी आवाज अजून मैदानाच्या मापाचा आहे. मी घाईघाईने दुकानदाराला म्हणालो, “माहीत आहे, माहीत आहे,” आणि पाकिटावरून लक्ष उडावं म्हणून एक कंगवाही मागितला. तो माझ्या टकलाकडे बघून क्षणभर थांबला, पण गिऱ्हाइकाला उलट विचारायचं नाही हे त्याला कळत होतं.

“काय हो, कसली औषधं?” मास्तरांनी विचारलं.

“हार्टची,” मी म्हणालो.

का म्हणालो असं विचाराल तर हृदयाला समाजात मान आहे. लोक हृदय देतात, हृदयात जागा देतात, हृदयापासून आभार मानतात. मूत्राशयाबद्दल असं काही कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

घरी आल्यावर बायकोने पाकीट ताब्यात घेतलं. आमची औषधं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात. पट्ट्या तशाच ठेवल्या तर झाकण बसत नाही, म्हणून ती सगळ्या गोळ्या पट्टीतून काढून डब्यात ठेवते आणि पाकिटातला माहितीचा कागद खाली अंथरते. बारीक अक्षरांचा तो कागद गोळ्यांखाली अंथरायला फार सोयीचा असतो असं तिचं मत आहे. मग तिने एक गुलाबी गोळी उचलून उजेडात धरली.

“एवढी मोठी? डॉक्टर सगळ्यांना एकाच मापाचे समजतात. तुम्ही केवढे, गोळी केवढी.” आणि सुरी घेऊन तिने टक्कन तिचे दोन भाग केले. “अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. दिवसभर गुण राहील.”

मलाही ते पटलं. आमच्या घरात अर्धं म्हटलं की हिशेब बरोबरच वाटतो.

दोन दिवसांत माझ्या तोंडाचं वाळवंट झालं. साहेबांनी एक जुनी फाईल मागितली, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर जीभ टाळूला चिकटून नुसता चटक-चटक आवाज आला. साहेब म्हणाले, “माझ्यावर चुकचुकता काय?” पुढचा अर्धा तास मी त्यांची समजूत घालत होतो, चटक-चटक करत. बाकी गुणाचं म्हणाल तर गोळी घेतल्यावर घटकाभर सगळं सामसूम, आणि मग पुन्हा माझा बोळ आणि मी.

इकडे मास्तरांनी माझ्या हार्टची बातमी मजल्यामजल्यावर पोचवली होती. जिन्यात लोक मला बघून बाजूला व्हायला लागले. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “सावकाश चढा हो, आपल्याला कुठं घाई आहे?” मला होती. मला विलक्षण घाई होती. पण हृदयरोगी जिना धावत चढला तर संशय येईल म्हणून मी एकेका पायरीवर थांबत, चेहऱ्यावर शांत भाव ठेवून चढत असे.

मास्तर तर रोज संध्याकाळी तांब्या घेऊनच येत. हार्टला पाण्यासारखं औषध नाही असा त्यांचा सिद्धांत होता. समोर बसून ते मला पेल्यामागून पेला पाजत. “एक! दोन! चला, अजून एक!” चौथ्या पेल्याला माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मास्तर म्हणायचे, “भावनाविवश होऊ नका, हार्टला वाईट.”

दरम्यान बसचं तिकीट काढायचं होतं. भाड्याच्या गाडीचा विषय मी काढून पाहिला होता, तेव्हा बायकोने ती अर्ध्या वाटेपर्यंतच करावी असं सुचवलं. मग बसच. मी बसस्थानकावर आरक्षणाच्या खिडकीशी गेलो. काचेमागे बसलेल्या कारकुनाचा आवाज बाहेर ऐकू यावा म्हणून तिथं नवीनच ध्वनिक्षेपक बसवला होता. मी काचेच्या भोकाशी तोंड नेऊन हळूच म्हणालो, “पुढची सीट द्या. आणि बस वाटेत एकदोनदा थांबवता येईल का?”

“कशासाठी?” सगळ्या स्थानकात आवाज घुमला.

“जरा… तब्येतीचं आहे.”

“तब्येतीचं म्हणजे काय?” पुन्हा स्थानकभर.

मी कुजबुजून सांगितलं. कारकून प्रामाणिक होता. नोंद चुकू नये म्हणून त्याने प्रत्येक शब्द मोठ्याने परत म्हटला. “मूत्राशय. अतिसक्रिय. बरोबर?” मागच्या रांगेतल्या माना एकदम पुढे झाल्या. “त्याला दाखला लागेल. दोन प्रती. त्यावर ‘रुग्णास वाटेत उतरणे आवश्यक’ असा शेरा पाहिजे. तरी थांबवायचं की नाही ते चालकाच्या मर्जीवर.”

“मर्जीवरच असेल तर दाखला कशाला?”

“मर्जी व्हायला आधार नको का?” तो म्हणाला. मी दोन तिकिटांचे पैसे भोकातून आत सरकवले.

मान खाली घालून मी वळलो तेव्हा रांगेतल्या एका भारदस्त गृहस्थांनी माझा दंड धरला. आता हे काही लागट बोलणार म्हणून मी तयारीत राहिलो. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “डॉक्टर कोण हो तुमचे?” स्थानकाच्या दारापर्यंत जाताना आणखी एका बाईंनी तेच विचारलं. तेव्हा मला त्यात काही विचार करण्यासारखं वाटलं नाही. मी फक्त तोंड लपवून बाहेर पडलो.

दाखला काही मी आणला नाही. बाईंकडे परत जायचं म्हणजे गोळ्या कशा चालल्यात ते विचारणार. त्यापेक्षा मी स्वतःच उपाय योजला. शनिवारी दुपारपासून पाणी बंद. मास्तरांचे पेले कुंडीत. आणि रविवारी सकाळी बायको बांधाबांध करत असताना मी डब्यातून आदल्या संध्याकाळचा विसरलेला अर्धा तुकडा घेतला, सकाळचा अर्धा घेतला, आणि पाच तासांच्या प्रवासाची सोय म्हणून आणखी दोन अर्धे घेतले. बसच्या खिडकीत धूळ असते म्हणून पिवळ्याही दोन घेतल्या. हा हिशेब मी कुणाला विचारून केला नव्हता. विचारायचं म्हणजे सांगावं लागतं ना.

स्थानकावर पोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि बसच्या पाट्या पाण्याखाली ठेवल्यासारख्या दिसत होत्या. बायकोने मला हाताला धरून बरोबर बसशी नेलं. बॅग वर ठेवली, तिची पर्स बॅगेत, तिचा फोन पर्समध्ये. माझा फोन घरी चार्जिंगला लावलेला होता, कारण तो अर्धा भरला की काढायचा असतो आणि तो अर्धा भरायच्या आत आम्ही निघालो.

“निघायच्या आधी जाऊन या,” ती म्हणाली. घरातून बाहेर पडताना आमच्याकडे नेहमी म्हणायचं हे वाक्य आहे.

गेलो. उभा राहिलो. काहीच होईना.

आता तुम्ही म्हणाल, मग चांगलंच की. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण ओटीपोट दगडासारखं घट्ट झालेलं, आत्ता जायलाच पाहिजे अशी कळ येत होती, आणि होत काही नव्हतं. ज्या गोष्टीपायी मी उभं आयुष्य धावपळ केली ती ऐनवेळी सरकारी खिडकीसारखी बंद. मी नळ सोडून बघितला. मनातल्या मनात विनंतीसुद्धा करून पाहिली. बाहेरून दार वाजायला लागलं. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. मला घाम फुटायला हवा होता, पण अंगाची नुसती आग होत होती. घामही वाळला होता बहुतेक.

कसाबसा बाहेर आलो तेव्हा बायको फलाटावर एकटीच उभी होती. मला बोलवायला म्हणून ती खाली उतरली आणि बस निघून गेली. बॅगेसकट.

“गेली,” ती म्हणाली. मग तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढे एक अक्षर न बोलता रिक्षा बोलावली. अख्खी रिक्षा.

इस्पितळाच्या खिडकीवर पुन्हा एक कारकून. “तक्रार?”

“लघवी होत नाही,” बायको म्हणाली. लाजायची पाळी आता तिची होती आणि तिने ती घेतली नाही.

त्याने माझे जुने कागद काढले. “पण इथं तर सारखी होते असं लिहिलंय. नक्की काय ते ठरवून सांगा. एका वेळी एकच तक्रार नोंदवता येते.”

“अहो, आधी ती होती, आता ही आहे.”

“मग आधीची बरी झाली असं लिहू?”

मी खिडकीच्या कठड्यावर डोकं टेकलं. नशिबाने डॉक्टरीणबाई त्या दिवशी तिथंच होत्या. त्यांनी मला बघितलं आणि सरळ आत घेतलं. मग त्यांनी एक नळी घातली. या घटनेबद्दल मी एवढंच लिहिणार आहे. फक्त नंतर जो जीव भांड्यात पडला तो अगदी शब्दशः, हे नमूद केल्याशिवाय राहवत नाही.

मी माणसात आल्यावर बाईंनी सगळं विचारून घेतलं. आता लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. किती घेतल्या, कशा घेतल्या, पिवळी गोळी, बंद केलेलं पाणी, सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते,” त्या म्हणाल्या. “ती अख्खीच गिळायची. मोडली की दिवसभराचं औषध एकदम अंगावर येतं. आणि तुमची ती शिंकांची गोळीही तोंड कोरडं पाडणारी, लघवी अडवणारीच. दोन्ही एकत्र, वर दुप्पट डोस. डोस चुकला तर चुकला, पुढच्या वेळेला नेहमीचाच घ्यायचा. भरपाई करायची नसते.”

“पण मी अगदी बरोबर मधोमध मोडत होते,” बायको म्हणाली. “रेघ नव्हती तरी.”

“रेघ नव्हती ना? मग तिथंच थांबून विचारायचं होतं.”

बाई गेल्यावर बायको माझ्या उशाशी बसून राहिली आणि मग एकदम पदराने डोळे पुसायला लागली. “मी अर्धी केली. तुमचं भलं व्हावं म्हणून केली हो.”

“अगं, तू अर्धीच केलीस,” मी म्हणालो. “चार अर्धे मिळून दोन होतात हे मला कळायला हवं होतं.” मला त्या क्षणी तिची फार माया आली. आणि रविवार चालला होता, ठकी तिकडे थांब्यावर वाट बघत असणार, तिचा नंबर आमच्या फोनमध्येच राहिलेला, आणि मी शब्द दिला होता. त्या नळीपेक्षा हे जास्त टोचत होतं.

ठकी थांब्यावर आली होती. बस आली, आम्ही उतरलो नाही. वाहकाने आमची बॅग तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “माणसं मागेच राहिली बहुतेक.” तिने आईला फोन लावला तर तो बॅगेत वाजला. माझा उचलला जाईना. शेवटी तिने मास्तरांना लावला. बायकोने रिक्षावाल्याबरोबर शेजारणीला निरोप पाठवला होता, त्यावरून मास्तरांना कळलं होतंच. ते मैदानी आवाजात म्हणाले, “घाबरू नकोस पोरी. हार्ट आहे. इस्पितळात आहेत.”

संध्याकाळी ती आली. बाळ कडेवर, आमची बॅग खांद्याला, केस विस्कटलेले. मी उठून बसलो. ती दारातून आत आली, बाळ आईच्या हातात दिलं, माझ्याकडे बघितलंही नाही, परिचारिकेला म्हणाली, “बाथरूम कुठंय?” आणि धावली.

मला वाईट वाटलं. पाच तास प्रवास करून पोर आली आणि बापाकडे एक नजरसुद्धा नाही. राग अजून आहेच म्हणायचा. नात मात्र माझ्याकडे टकमक बघत होती. काचेतल्यापेक्षा ती बरीच जाड होती.

ठकी परत आली आणि माझ्या हाताला धरून रडायला लागली. “बाबा, हार्टचं सांगितलं का नाहीत?”

“हार्टचं काही नाही गं.”

“मग?”

“सांगा आता,” बायको म्हणाली.

सांगितलं. पुरावा पलंगाला लटकतच होता. ठकी ऐकता ऐकता रडायची थांबली. “म्हणजे लग्नात, फोटोच्या वेळी…?”

“तिथंच होतो. हॉलच्या मागे. कडी अडकली होती.”

“आणि बाळ झालं तेव्हा?”

“पाच तास, ठके. मला पाच तास बसवत नाही. मी तुझ्यावर रागावेन? आणि जावई मला पसंत नाही? अगं, तो मला तुझ्याइतकाच पसंत आहे. कधी कधी जास्त.”

ती हसली आणि हसताहसता पटकन पाय जवळ घेऊन बसली. मग तिने एकदा दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, “आणि मी का येत नव्हते, माहीत आहे? बाळ झाल्यापासून माझंही तेच. शिंकले तरी भीती, हसले तरी भीती. बस म्हटलं की पोटात गोळा. आज तीनदा थांबवली बस. ड्रायव्हर म्हणाला, ताई, दाखला आहे का?”

इतके महिने मी इकडे आणि ती तिकडे, दोघंही एकाच कारणासाठी घरात बसलो होतो आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा फुगून बसलाय. रांगेतले ते भारदस्त गृहस्थ मला आता आठवले.

बायकोचे डोळे भरून आले होते. ती उठली, पिशवीतून पत्र्याचा डबा काढला (डॉक्टरांना दाखवायला म्हणून तो शेजारणीकडून घरून मागवला होता, आमची एक किल्ली तिच्याकडे असते) आणि म्हणाली, “मग हिलाही यातली अर्धी देऊ का?”

“नाही!” आम्ही दोघं एकदम म्हणालो. परिचारिका धावत आली.

बाईंनी ठकीला वेगळं तपासलं. तिचं दुखणं दिसायला माझ्यासारखं असलं तरी बाळंतपणानंतरचं, निराळं, त्यावर आधी व्यायाम. अंगावर पाजणाऱ्या बाईने दुसऱ्याच्या डब्यातली गोळी तर मुळीच घ्यायची नाही. माझ्या गोळ्या काही दिवस बंद राहिल्या. मग बाईंनी पिवळीच्या जागी दुसरं काही दिलं आणि गुलाबी पुन्हा सुरू केली. रोज ठरलेल्या वेळी, एक, अख्खी, पाण्याबरोबर. आता आमच्या घरात गोळ्या पट्टीतच राहतात आणि डब्याचं झाकण उघडं असतं. बायको ती गोळी माझ्या तळहातावर ठेवते तेव्हा तिचा चेहरा बघवत नाही. एकदा मी तिला सुरीकडे नुसतं बघताना पकडलं. मास्तरांना खरं सांगितलं तेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, “डॉक्टर कोण हो?”

ठकी त्या खेपेला महिनाभर राहिली. तिला न्यायला जावई आला. निघायच्या आधी तो म्हणाला, “बाबा, आपला एक फोटो राहिलाय.” त्याने स्टुलावर फोन उभा केला, सगळ्यांना भिंतीशी ओळीने उभं केलं, नातीला माझ्या कडेवर दिलं, आणि बटण दाबायला वाकला तेवढ्यात ठकी आणि मी एकदमच म्हणालो, “एक मिनिट.”

आमच्या घरात बाथरूम एकच आहे. आम्ही दोघं त्याच्या दाराशी थांबलो.

“तू जा आधी,” मी म्हणालो.

“थांबवेल तुम्हाला?”

“थांबतो.”

ती आत गेली. मी बाळाला घेऊन दाराबाहेर उभा राहिलो. पूर्वी मला असं उभं राहणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी मी खिडकीच्या पडद्याची नक्षी बघत उभा राहिलो आणि थांबलो. तेवढ्यात कडेवर काहीतरी कोमट लागलं. नातीला मात्र कुणासाठी थांबायचं कारण नव्हतं.

ठकी आली, मी जाऊन आलो, आणि जावयाने बटण दाबलं. तो फोटो आता त्यांच्या घरी लग्नाच्या फोटोशेजारी लावलेला आहे. माझा शर्ट त्यात कमरेपर्यंत ओला दिसतो आणि येणारेजाणारे त्याबद्दल काय समजायचं ते समजतात. समजोत. फोटोत मी आहे.